उंची थांबली, पाळी लांबली : नशिबाला दोष देण्याआधी थायरॉईड तपासा

आपल्या वस्तीत एखाद्या मुलीची उंची दोन-तीन वर्षे वाढत नाही, बरोबरीच्या मैत्रिणी वयात येतात आणि ती मात्र तशीच राहते, तेव्हा कारण शोधण्याची गरज कुणालाच वाटत नाही. घरात उत्तर तयार असते : "तिचं अंगच तसं आहे, बापावर गेलीय." कुणी म्हणते बाहेरचे लागले, कुणी म्हणते नशीब. तीच मुलगी वर्गात पेंगायला लागली, अभ्यासात मागे पडली, की शाळेतही उत्तर तयार असते : "यांच्या घरात अभ्यासाचं वातावरणच नाही." घरचे उत्तर नशिबाचे, शाळेचे उत्तर जातीचे. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो. मुलीच्या रक्ताची साधी तपासणी होत नाही.

ही तपासणी थायरॉईडची. किशोरवयात थायरॉईडचे काम बिघडले तर उंची, वजन, पाळी, मुलांचा आवाज फुटणे, मिसरूड येणे, झोप, अभ्यास या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. बहुतेक वेळा हा बिघाड उपचाराने आटोक्यात येतो आणि उपचार महागही नाही. मात्र त्याला वेळेची मर्यादा आहे. हाडांची वाढ एकदा पूर्ण झाली की गेलेली उंची परत मिळत नाही. म्हणून हा विषय दवाखान्यापुरता न ठेवता आपल्या विहारात, मंडळात आणि अभ्यासिकेत बोलला गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते. आम्ही डॉक्टर नाही, वस्तीत काम करणारे सामाजिक कार्यकर्ते आहोत. निदान डॉक्टरांनीच करायचे. परंतु मूल डॉक्टरपर्यंत पोचवायचे काम आपले आहे.

गळ्यातली छोटी ग्रंथी

थायरॉईड हे आजाराचे नाव आहे असे अनेकांना वाटते. "तिला थायरॉईड झालाय" असे आपण सर्रास म्हणतो. खरे तर थायरॉईड ही प्रत्येकाच्या गळ्यात असलेली ग्रंथी आहे. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या थोडे खाली, फुलपाखराने पंख पसरावेत तशी ती श्वासनलिकेला बिलगून असते. अन्नातून आलेले आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही दोन हार्मोन तयार करते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार, हे या हार्मोनवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे लक्ष असते. रक्तात थायरॉईडचे हार्मोन कमी पडले की पिट्युटरी टीएसएच नावाचा निरोप जास्त पाठवते : काम वाढव. हार्मोन जास्त झाले की निरोप कमी होतो. म्हणूनच रक्तात टीएसएच वाढलेले दिसले तर थायरॉईड कमी काम करत असल्याची शंका येते. अनेकांचा इथे गोंधळ होतो. "टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉईड वाढलाय" असे समजले जाते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ नेमका उलटा असतो.

वयात येणे म्हणजे काय

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान होते. पहिली खूण पाळी नसते, छातीची वाढ असते. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. मुलांमध्ये सुरुवात साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होते आणि पहिली खूण वृषणांचा आकार वाढणे ही असते. आवाज फुटणे, मिसरूड येणे या नंतरच्या गोष्टी आहेत. १३ वर्षे पूर्ण होऊनही मुलीच्या छातीची वाढ सुरू झाली नाही, १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा १४ वर्षे पूर्ण होऊनही मुलामध्ये काहीच बदल नाही, तर डॉक्टरांना दाखवायचे. याउलट मुलीमध्ये ८ वर्षांच्या आणि मुलामध्ये ९ वर्षांच्या आत हे बदल दिसू लागले तरी दाखवायचे.

चार-पाच वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वयात येताना हा वेग एकदम वाढतो. मुली या काळात वर्षाला साधारण ८ सेंटिमीटरपर्यंत आणि मुले ९-१० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. त्यानंतर हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या हळूहळू हाडात बदलतात आणि उंची थांबते. पाळी सुरू झाल्यावर बहुतेक मुलींची उंची आणखी काही सेंटिमीटरच वाढते. या पट्ट्या उघड्या असेपर्यंतच उपचाराने उंची मिळवता येते.

हार्मोन कमी पडले तर

हाडांच्या या पट्ट्यांना वाढण्यासाठी थायरॉईड हार्मोन लागते. शरीराचे वाढीचे हार्मोनही त्याच्याशिवाय नीट काम करू शकत नाही. म्हणून थायरॉईड मंदावली की मुलांमध्ये सर्वात आधी आणि सर्वात ठळक दिसणारी गोष्ट म्हणजे उंचीचा वेग पडतो. १२ वर्षांच्या मुलीच्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडे ९-१० वर्षांच्या मुलीसारखी दिसू शकतात. वयात येणेही बहुतेक वेळा लांबते. पाळी सुरू झालेली असेल तर ती अनियमित होते किंवा अंगावरून फार जाते.

इतर लक्षणे अशी हळूहळू येतात की घरच्यांच्या लक्षात येत नाहीत. थकवा, सारखी झोप, थंडी सहन न होणे, शौचाला कडक होणे, त्वचा कोरडी पडणे, केस राठ होऊन गळणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, वजन थोडे वाढणे. कधी गळ्यासमोर सूज दिसते, तिला आपण गलगंड म्हणतो.

यात एक खूण कार्यकर्त्यांनी पक्की लक्षात ठेवावी. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेले मूल सहसा वर्गातल्या मुलांपेक्षा थोडे उंचच असते. वजन वाढते आहे आणि उंची मात्र थांबली आहे, असे दिसले तर "खाऊन खाऊन सुटलीय" म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या कामातले एक उदाहरण नाव-गाव न देता सांगतो. नववीतली मुलगी. सहावीत शिवलेला गणवेश तिला नववीतही लांबीला पुरत होता, फक्त कमरेला घट्ट होत होता. तीन वर्षे नवा गणवेश शिवावा लागला नाही, याचे घरी बरेच वाटत होते. वर्गात ती शेवटच्या बाकावर गप्प बसायची, त्यामुळे शिक्षकांचीही तक्रार नव्हती. वस्तीतल्या आशाताईंनी ती गोष्ट हेरली आणि रक्त तपासायला लावले. टीएसएच कितीतरी पट वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली आणि वर्षभरात उंची वाढू लागली, पाळीही आली. पण तीन वर्षांत बुडालेली सगळी उंची काही तिला परत मिळाली नाही. हीच तपासणी सातवीत झाली असती तर चित्र वेगळे असते.

अशा मुलांवर शाळेत "मंदबुद्धी" असा शिक्का बसतो. इथे फरक समजून घ्यायला हवा. जन्मतः थायरॉईड हार्मोन कमी असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत उपचार मिळाला नाही, तर मेंदूचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करणे फार मोलाचे आहे. पण तीन वर्षांच्या वयानंतर सुरू झालेल्या कमतरतेने बुद्धी कायमची कमी होत नाही. मूल मंदावते, सुस्तावते, लक्ष लागत नाही. उपचाराने ते पूर्ववत होते. अशा मुलीचे नाव शाळेतून काढून तिला घरकामाला लावणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे.

क्वचित उलटेही घडते

थायरॉईड फार काळ आणि फार जास्त मंदावलेली असेल तर काही थोड्या मुलींमध्ये चमत्कारिक वाटावे असे घडते. सहा-सात-आठ वर्षांच्या मुलीची छाती वाढते, पाळीही येते आणि उंची मात्र खुंटलेली असते. व्हॅन वाइक आणि ग्रुमबाख या डॉक्टरांनी १९६० साली याचे वर्णन केले. याचे कारण असे, की रक्तात टीएसएच प्रचंड वाढलेले असते आणि त्याची रचना बीजांडकोशाला चालना देणाऱ्या हार्मोनशी मिळतीजुळती असते. त्यामुळे बीजांडकोश चुकून जागे होतात आणि त्यात पाण्याच्या मोठ्या गाठी दिसू शकतात. अशाच स्थितीत मुलांमध्ये वृषण मोठे होतात, पण मिसरूड, आवाज वगैरे बदल फारसे दिसत नाहीत.

एरवी लवकर वयात येणाऱ्या मुलांची हाडे वयापेक्षा पुढे गेलेली असतात आणि उंची झपाट्याने वाढते. इथे हाडे मागे आणि उंची कमी असते. हा फरक लक्षात आला नाही तर सोनोग्राफीतली गाठ पाहून ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते. लहान, बुटक्या मुलीला पाळी आली आणि पोटात गाठ सांगितली, तर "डॉक्टर, थायरॉईड तपासली का?" हा प्रश्न विचारायला घाबरू नका. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर या गाठी सहसा आपोआप विरतात आणि पाळीही थांबते. मग ती योग्य वयात पुन्हा येते.

हार्मोन जास्त झाले तर

थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तर चित्र पालटते. भूक भरपूर आणि वजन मात्र घटते. छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, चिडचिड वाढते, अक्षर बिघडते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, गळ्याला सूज येते. उंचीचा वेग काही काळ वाढतो, पण हाडेही लवकर पिकतात. मुलींची पाळी कमी होते किंवा बंद पडते. किशोरवयात याचे मुख्य कारण ग्रेव्हज नावाचा आजार असतो.

अशा मुलांना घरी आणि शाळेत "उनाड", "मोबाईलने बिघडलेला" अशी विशेषणे मिळतात. मुलीच्या बाबतीत तर संशय प्रेमप्रकरणाचा घेतला जातो. यावरही औषध आहे, मात्र ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. हे औषध चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण क्वचित या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होतात.

कारणे : मिठापासून शरीराच्या चुकीपर्यंत

आयोडीन नसेल तर थायरॉईड हार्मोन बनवू शकत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली होती. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ प्रयोग केला. काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले आणि एका भागाला साधे मीठ. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. पिढ्यान्‌पिढ्या जे "त्या लोकांचे नशीब" मानले गेले होते, ते मिठाने बदलले. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. पुढच्या पाहण्यांतून ही कमतरता फक्त डोंगराळ भागापुरती नाही, हेही दिसून आले. १७ मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

किशोरवयीन मुलांना आणि मोठ्यांना दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या एक किलो मिठात ते किमान १५ मिलिग्रॅम असले पाहिजे. तरीही बाजारात सुटे खडे मीठ मिळते, आणि "नैसर्गिक" म्हणून सैंधव मिठाची फॅशनही आली आहे. त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. पाकिटावर आयोडीनयुक्त मिठाची खूण पाहून घ्या. मीठ झाकणाच्या डब्यात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. जास्त मीठ खाल्ल्याने मात्र थायरॉईड सुधारत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.

आयोडीन पुरेसे मिळत असलेल्या भागात किशोरवयात थायरॉईड मंदावण्याचे सर्वात मोठे कारण हाशिमोटो हा आजार आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करते. तो मुलींमध्ये मुलांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. आईला, मावशीला, बहिणीला थायरॉईडचा त्रास असेल तर मुलीकडे जास्त लक्ष द्यावे. टाईप-१ मधुमेह, डाऊन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही धोका जास्त असतो. हा आजार कुणाच्या संपर्काने होत नाही आणि कुणाच्या चुकीने होत नाही.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारण असेल तर परिणाम असतो, कारण दूर झाले की परिणामही दूर होतो. मुलीची उंची थांबली यालाही कारण आहे. ते देव्हाऱ्यात किंवा कुंडलीत शोधून सापडणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरातही अडचणीच्या वेळी काळा धागा आणि उतारा कसा परत येतो, हे आम्ही पाहिले आहे. त्यावर चिडून उपयोग नाही. ज्या घराला दवाखाना लांब आणि महाग वाटतो, ते घर जवळचा उपाय करते. दवाखाना जवळ आणणे हे आपले काम.

प्रत्येक उशीर थायरॉईडचा नसतो

इथे तोल सांभाळायला हवा. उशिरा वयात येणाऱ्या बहुतेक मुलांना थायरॉईडचा त्रास नसतो. काही घराण्यांत वाढ उशिराच होते, विशेषतः मुलांमध्ये. वडीलही दहावीनंतर वाढले असतील तर डॉक्टर तपासून थोडे थांबायला सांगतात. कुपोषण हे आपल्या समाजात आजही मोठे कारण आहे. अपुरे अन्न, वारंवार आजारपण, जंत, रक्तक्षय यांनीही वाढ खुंटते. दीर्घकाळचे मूत्रपिंडाचे, आतड्यांचे, हृदयाचे आजारही असू शकतात.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे : सिकलसेल. आदिवासी समाजाबरोबर आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो. सिकलसेलच्या रुग्ण मुलांची उंची आणि वयात येणे दोन्ही लांबू शकतात. सांधे दुखणे, वारंवार कावीळ, रक्त कमी असणे अशा तक्रारी असतील तर ती तपासणीही करून घ्यावी.

आणि एक सावधगिरी. टीएसएच किंचित वाढलेले असले म्हणजे लगेच आयुष्यभराची गोळी असे नसते. जाड मुलांमध्ये ते थोडे वाढलेले असू शकते, तो वजनाचा परिणाम असतो. अशा वेळी डॉक्टर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

तपासणी आणि औषध

पहिल्या टप्प्यात टीएसएच आणि फ्री टी-४ या दोन तपासण्या पुरतात. नुसती टीएसएच करू नये, कारण मूळ दोष पिट्युटरीत असेल तर टीएसएच साधारण दिसूनही टी-४ कमी असू शकते. गरज पडली तर डॉक्टर अँटिबॉडीची तपासणी, हाताचा एक्स-रे किंवा गळ्याची सोनोग्राफी सांगतात.

थायरॉईड कमी असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी दिली जाते. शरीर जे हार्मोन स्वतः बनवते तेच बाहेरून द्यायचे, इतके हे सरळ आहे. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. पुढील गोष्टी घरच्यांना समजावून सांगाव्यात :

• गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.

• लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे. शाळेत किशोरवयीन मुलांना आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते. ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी, बंद करू नये. अंगावरून जास्त जाणाऱ्या मुलीला तिची दुप्पट गरज आहे.

• सोयाबीनच्या वड्या किंवा सोयाचे पदार्थ सकाळी गोळीच्या जवळपास खाऊ नयेत. कोबी, फ्लॉवर शिजवून नेहमीसारखे खाल्ले तर काही बिघडत नाही.

• सुरुवातीला सहा ते आठ आठवड्यांनी आणि मग वाढ पूर्ण होईपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी रक्त तपासावे. वाढत्या मुलांचा डोस बदलत राहतो.

• बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नये.

एक गोष्ट डॉक्टरांच्या घाईत बऱ्याचदा सांगायची राहते. गोळी सुरू झाल्यावर काही महिने मूल चंचल होऊ शकते. आधी गप्प, आज्ञाधारक असलेली मुलगी उलट बोलायला लागते, झोप कमी होते, अभ्यासात लक्ष टिकत नाही. घरचे घाबरून म्हणतात, "गोळीनं पोरगी बिघडली," आणि गोळी बंद करतात. बहुतेक वेळा ती सुस्तीतून बाहेर येत असते. हा काळ निघून जातो. फार त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगून डोस तपासून घ्यावा.

लग्न, लाज आणि लपवाछपवी

पाळी न आलेल्या मुलीच्या घरात पहिली भीती लग्नाची असते. त्यामुळे गोष्ट झाकली जाते, आणि झाकण्यात नेमकी ती दोन-तीन वर्षे जातात ज्यात उपचाराचा सर्वाधिक फायदा झाला असता. काही घरांत तर "लग्न झालं की सगळं नीट होतं" म्हणून मुलीला कमी वयात उजवले जाते. लग्नाने थायरॉईड सुधारत नाही.

थायरॉईडची गोळी घेणारी स्त्री आई होऊ शकते. फक्त गरोदर राहण्याआधी आणि दिवस राहताच टीएसएच तपासून डोस नीट करून घ्यायचा, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते. गोळी घेते म्हणून मुलगी नाकारणारे स्थळ आले, तर त्या घराला हे शांतपणे समजावून सांगा. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या व्यासपीठावरून हे एकदा तरी बोलले गेले पाहिजे.

मुलांचीही कुचंबणा कमी नसते. मिसरूड न फुटलेल्या मुलाला मित्र ज्या शब्दांत चिडवतात, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. तो व्यायामशाळा सोडतो, पोहायला जात नाही, कुणाशी बोलत नाही. त्याच्याशी बोलायला वस्तीत एखादा समजूतदार दादा असला तर तो दवाखान्यापर्यंत येतो.

आपल्या मंडळाने काय करावे

हे काम मोठ्या निधीशिवाय होते. पहिले काम, विहाराच्या भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी रंगवा. वर्षातून दोनदा मुलांची उंची मोजून वहीत तारखेसह लिहा. तारखा आपल्याजवळ आहेतच : १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर. दोन्हीत बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे आणि दोन्ही दिवशी मुले विहारात येतातच. चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, दर वेळी त्याच पद्धतीने मोजा. वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही आणि मूल अजून वाढीच्या वयात आहे, तर त्याला दवाखान्यात न्यायचे. वही मंडळाच्या जबाबदार ताईकडे राहावी. कुणाची उंची किती, कुणाची पाळी आली की नाही, ही माहिती चव्हाट्यावर येता कामा नये. ग्रुपवर तर अजिबात नाही.

दुसरे काम, सरकारी यंत्रणा वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून, सुरू झाला. त्याचे पथक शाळा आणि अंगणवाड्यांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि गलगंड त्यांच्या यादीत आहे. पथक शाळेत कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी आपली मुले हजर ठेवा. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यातली किशोर आरोग्य केंद्रे महाराष्ट्रात "मैत्री" या नावाने ओळखली जातात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे तपासणी होत नाही असे सांगितले, तर कुठे होते ते लिहून मागा. चिठ्ठी मागणे हा तुमचा हक्क आहे.

तिसरे काम, सोबत जा. शेतमजुरी किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईचा दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो. दोन फेऱ्यांनंतर ती थांबते आणि लोक म्हणतात, हिलाच काळजी नाही. मंडळातल्या एका ताईने किंवा दादाने कागद हाती घेऊन तिच्याबरोबर जाणे, रिपोर्ट आणून देणे, पुढची तारीख लक्षात ठेवणे, एवढ्याने उपचार टिकतो.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि सोबत्यांनी त्याला तसाच सोडला होता. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि संघाने एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे असे भिक्खूंना बजावले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या मातृत्व लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली, तेव्हा तेही शरीराच्या, आरोग्याच्या हक्काचीच भाषा बोलत होते. आरोग्य हा आपल्या चळवळीचा विषय पहिल्यापासून आहे.

येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे एका तासाचे भाडे बाजूला काढले, तरी वस्तीतल्या कितीतरी मुलांची थायरॉईडची तपासणी होईल. भिंतीवरची पट्टी तर एका रविवारी रंगवून होते. सुरुवात तिथून करा.

जय भीम! नमो बुद्धाय!